भुताच्या ३० गोष्टी मोठ्याने वाचून दाखवल्या, त्याच्या नोंदी

२ नोव्हेंबर

एम. आर. जेम्स या इंग्रज लेखकाच्या भुताच्या गोष्टींचं एकत्रित पुस्तक आजपासून सुरू करतेय. १९३१ साली निघालेलं पुस्तक, एकूण ३० गोष्टी. त्याचे आधीचे चार संग्रह (१९०४ चा ८ गोष्टींचा, १९११ चा ७, १९१९ चा ५ आणि १९२५ चा ६) आणि वर चार सुट्या गोष्टी, असा हिशोब आहे. प्लॅन एकदम सोपा, रोज रात्री एक गोष्ट, महिन्यात पुस्तक संपलं पाहिजे. जुनी इंग्रजी भयकथा वाचायची खूप जणांची इच्छा असते आणि दोन-तीन गोष्टींनंतर पुस्तक बाजूला पडतं, माझंही याआधी एकदा तसंच झालंय, म्हणून यावेळी काय अडलं आणि काय चाललं ते लिहून ठेवणार आहे.

पहिली गोष्ट 'कॅनन अल्बेरिक्स स्क्रॅपबुक' आज वाचली. मोबाईलवर, झोपताना, दिवा बंद करून. लेखक १९३६ साली गेला, त्यामुळे मजकूर नेटवर फुकट मिळतो.

भीती वाटली नाही. सव्वा तास लागला.

४ नोव्हेंबर

काल दुसरी, 'लॉस्ट हार्ट्स'. पुन्हा तेच. आज बसून विचार केला की नक्की काय होतंय, तर प्रत्येक परिच्छेदात दोन-तीन शब्द अडतात, चर्चमधल्या वस्तू, जुन्या घरांचे भाग, सतराव्या-अठराव्या शतकातली इंग्रजी, मग शब्दावर बोट दाबून धरायचं, अर्थ वर येतो, तो वाचायचा, परत मजकुरात यायचं, आणि तेवढ्यात कोणाचा तरी मेसेज. जेम्सची भीती बऱ्याचदा एका वाक्यात असते, ते वाक्य येतं आणि निघून जातं. पहिल्या गोष्टीत टेबलावर कोपराजवळ काहीतरी काळं पडलेलं असतं तो प्रसंग आहे, मी नेमकी त्याच वेळी आधीच्या ओळीतला शब्द शोधत होते. परत आले तेव्हा काय ते कळून चुकलं होतं आणि प्रसंग संपला होता.

दोन गोष्टी वाया गेल्या असंच धरते.

७ नोव्हेंबर

छापील पुस्तक आलं. खरं तर दुसऱ्यांदा आलं, कारण पहिल्यांदा मागवलं ते निवडक गोष्टींचं निघालं, अर्ध्याच गोष्टी होत्या. मुखपृष्ठावर दोन्हीकडे जवळपास तेच नाव असतं, नीट न बघता ऑर्डर केली आणि पैसे दोनदा गेले. घेणाऱ्यांनी आधी अनुक्रमणिका बघा, ३० नावं मोजा आणि मगच घ्या.

दुसरी चूक जास्त महाग पडली. पुस्तकाला एका अभ्यासकाची लांबलचक प्रस्तावना आहे, ती मी आधी वाचली. त्यात सात-आठ गोष्टींचे शेवट सरळ सांगून टाकलेत. प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचायची, हा नियम आता पक्का.

पण तिच्यातच एक गोष्ट कामाची मिळाली. या गोष्टी मुळात मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी लिहिलेल्या होत्या. जेम्स केंब्रिजला किंग्ज कॉलेजमध्ये होता, मध्ययुगीन हस्तलिखितांचा मोठा अभ्यासक, पुढे तिथला आणि नंतर ईटन या शाळेचा प्रमुख झाला, आणि नाताळात मित्रांना जमवून तो ताजी लिहिलेली गोष्ट वाचून दाखवायचा. त्याच्या मित्रांनी लिहून ठेवलंय की कागद हातात घेऊन यायचा, एक सोडून बाकी मेणबत्त्या विझवायचा आणि वाचायला बसायचा. मी ज्या दोन गोष्टी मोबाईलवर वाया घालवल्या त्या त्याने २८ ऑक्टोबर १८९३ ला मित्रमंडळींच्या बैठकीत वाचल्या होत्या. म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातात मजकूर नव्हताच. मागे जायची सोय नाही, शब्द शोधायची सोय नाही, समोरच्याचा आवाज नेईल तिकडे जायचं.

मावशीला विचारलं. तिने आयुष्यभर भरपूर वाचलंय पण आता बारीक अक्षरांनी डोळे दुखतात. ती म्हणाली, "वाच की, पण मराठीत सांग हं. तुझं ते इंग्रजी मला झोप आणेल."

९ नोव्हेंबर

मावशीबरोबर पहिली रात्र, तिसरी गोष्ट, 'द मेझोटिंट'. एका विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या माणसाकडे एक जुनं छापचित्र येतं, साधं, एका मोठ्या घराचं. दर वेळी बघणाऱ्याला त्यात काहीतरी बदललेलं दिसतं. आधी कडेला फक्त एक डोकं, मग घरासमोरच्या हिरवळीवर एक आकृती, मग आकृती नाही आणि खालची खिडकी उघडी.

इंग्रजी पानावर डोळे आणि तोंडाने मराठी, हे मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट अवघड आहे. हिरवळीवरच्या आकृतीपाशी आले आणि घाईत बोलून गेले, "एक माणूस रांगत घराकडे येतोय."

मावशी म्हणाली, "चोर असेल."

सगळं तिथेच बसलं. गोष्ट कशीबशी पूर्ण केली, पण झोपायच्या आधी त्या एका वाक्याशी बराच वेळ घालवला. दोन चुका होत्या. एक म्हणजे 'रांगत'. रांगत म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर बाळ येतं, गुटगुटीत. आणि दुसरं म्हणजे 'माणूस', 'येतोय'. जेम्स तिथे तो किंवा ती म्हणतच नाही. इंग्रजीत त्यासाठी वेगळं सर्वनाम आहे आणि मी विसरलेच होते की आपल्याकडेही आहे, नपुंसकलिंगी 'ते', रोज वापरतो ते.

१० नोव्हेंबर

मावशीला म्हटलं कालचा एक परिच्छेद परत ऐक. "हिरवळीच्या मधोमध आलं होतं ते. हातापायांवर. घराकडे तोंड करून."

ती काही बोलली नाही. मग, "आणि खिडकी?"

"बंद होती तेव्हा."

"तेव्हा," ती म्हणाली.

तर हा नियम क्रमांक दोन, जे आलंय त्याला शेवटपर्यंत 'ते' म्हणायचं. आणि 'भूत' हा शब्द गोष्ट सुरू असताना तोंडातून काढायचा नाही. भूत म्हटलं की ऐकणाऱ्याला कळलं हे काय आहे, त्याच्या डोक्यात आधीच एक कप्पा आहे, त्यात ते जाऊन बसतं आणि संपलं.

'द अ‍ॅश ट्री'ही आजच वाचली. सफोकमधलं एक घर, १६९० साली चेटकीण म्हणून फासावर दिलेली बाई, खिडकीजवळचं झाड. शेवटी झाडातून काय निघतं ते मावशीला आधीच कळलं होतं, तरी तिने पाय वर घेऊन बसून ऐकलं. सव्वा तास.

१२ नोव्हेंबर

आज मोठी चूक. 'नंबर १३'. डेन्मार्कमधल्या व्हिबॉर्ग गावातलं हॉटेल, अँडरसन नावाचा पाहुणा १२ नंबरच्या खोलीत. हॉटेलात १३ नंबरची खोली नाही, पण रात्री १२ आणि १४ च्या मधे तिचं दार असतं. सुरुवातीला खोलीचं वर्णन आहे, लांबी, रुंदी, खिडक्या. मला वाटलं मावशीला कंटाळा येईल, म्हणून तो भाग "साधीच खोली होती" म्हणून उडवला.

आणि गोष्ट सगळी त्या वर्णनावरच उभी आहे. दिवसा खोलीला तीन खिडक्या असतात आणि रात्री दोनच. अँडरसन रात्री शेजारच्या खोलीकडच्या टोकाच्या खिडकीपाशी सिगारेट ओढतो आणि सकाळी थोटूक सापडतं मधल्या खिडकीत. मी खिडक्या सांगितल्याच नव्हत्या, त्यामुळे थोटकाचा प्रसंग आला तेव्हा मावशी नुसती बघत राहिली, "मग काय झालं त्यात?" थांबून मागे जाऊन खिडक्या समजावल्या. समजावलेली भीती ही भीती नसते, गणित असतं. नंतर दारातून हात बाहेर येतो तो प्रसंग तेवढा चांगला झाला.

जेम्सच्या गोष्टीत जिथे तुम्हाला वाटतं हे कशाला एवढं सांगतोय, तिथे तो पुढचा सापळा लावत असतो. एकही वर्णन गाळायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, पण समोरचा माणूस जांभई देतोय आणि तुम्ही भिंतींची मापं सांगताय तेव्हा फार मोह होतो.

१३ नोव्हेंबर

पद्धत बदलली. आता रोज दुपारी तीच गोष्ट एकदा एकटीने वाचते, शब्दकोश घेऊन, पेन्सिलीने समासात मराठी शब्द लिहिते. आकडे, मापं, नावं, दारं-खिडक्या यांच्याखाली रेघ. मग रात्री सांगते. म्हणजे गोष्टीमागे वेळ दुप्पट झाला, रोजचे अडीच ते तीन तास, आणि महिन्यात पुस्तक होणार नाही हे उघड आहे. आणखी एक नुकसान आहे ते सांगायला हवं, पहिल्यांदा वाचतानाची माझी स्वतःची भीती दुपारच्या उजेडात खर्च होते, आणि ती परत मिळत नाही. मला ते चालणार आहे. ज्यांना चालणार नाही त्यांनी दुपारी फक्त पहिली चार पानं तयार करावीत, अवघड शब्द बहुतेक तिथेच असतात.

१४ नोव्हेंबर

'काउंट मॅग्नस'. स्वीडनमधली एका सरदाराची शवपेटी, तिला तीन कुलपं, आणि एक प्रवासी जो सहज म्हणतो की या सरदाराला एकदा भेटायला आवडलं असतं. दर वेळी एक कुलूप कमी. रेघ मारून ठेवली होती म्हणून बरं, कारण अर्ध्यात मावशीने विचारलं, "किती राहिली?" तिला मोजायला लागलेलं बघून फार समाधान वाटलं. शेवटचं कुलूप पडतं तिथे मी मुद्दाम आवाज चढवला नाही, होता तसाच ठेवला. जेम्स स्वतः तिथे आवाज चढवत नाही.

१६ आणि १७ नोव्हेंबर

पुस्तकातली सगळ्यात नावाजलेली गोष्ट, शिट्टीची. 'ओ, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड'. पार्किन्स नावाचा तरुण प्राध्यापक, भुताखेतांवर अजिबात विश्वास नसलेला, समुद्रकाठच्या गावी सुट्टीला जातो, जुन्या अवशेषांत त्याला एक धातूची शिट्टी सापडते, तो ती वाजवतो. खोलीत दोन पलंग आहेत, एक त्याचा आणि एक रिकामा.

नाव मराठीत काय करायचं यावरच अर्धा तास गेला. वस्तू ती शिट्टी, पण तोंडाने घालायची ती शीळ. "शीळ घाल, मी येईन" असं केलं. शिट्टीवर लॅटिनमध्ये कोरलेलं असतं, त्याचा अर्थ साधारण "हा कोण येतो आहे" असा. तेवढंच सांगितलं.

पहिल्या रात्री अर्धीच झाली. किनाऱ्यावर वाळू वाहून जाऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर लाकडी बांध घातलेले असतात, स्वप्नात एक माणूस धापा टाकत ते बांध ओलांडत पळत असतो आणि मागून काहीतरी फिकट, फडफडणारं येत असतं. हे बांध मावशीला डोळ्यासमोर येईनात. मी पळण्याच्या मधे थांबून बांधाचा उपयोग सांगत बसले. तेव्हापासून असल्या गोष्टी कथेच्या आधी सांगते, सहज, वेगळ्या गप्पांत, म्हणजे नंतर थांबावं लागत नाही.

दुसऱ्या रात्री शेवट. रिकाम्या पलंगावरच्या चादरी उठून उभ्या राहतात आणि पार्किन्सला त्याच्या तोंडाजवळ एक चेहरा दिसतो. दुपारी समासात मी लिहिलं होतं, "चुरगळलेल्या कापडासारखा चेहरा". वाचून बघितलं, ठीक वाटलं, पण काहीतरी कमी होतं. मूळ परत बघितलं. तिथे 'सारखा' नाहीच. चेहरा कापडाचा आहे. कापडासारखा म्हटलं की खाली खरा चेहरा आहे, हाडामांसाचा, तो फक्त तसा दिसतोय, असं होतं. 'सारखा' खोडला. "चेहरा. चुरगळलेल्या कापडाचा."

रात्री तसंच म्हटलं आणि थांबले. मावशी माझ्याकडे बघत नव्हती, ती पलंगावर घडी घालून ठेवलेल्या चादरीकडे बघत होती. मग ती उठली, चादर उचलली आणि कपाटात ठेवून आली. "हं, पुढे," म्हणाली.

मी आत्तापर्यंत जे सांगितलं त्यातलं हे सगळ्यात चांगलं झालं. आणि ते एक शब्द काढल्यामुळे झालं. मराठीत सांगताना आपल्याला 'सारखं', 'जणू', 'काहीतरी असं वाटलं की' हे घालायची फार सवय आहे. जेम्स जिथे 'जणू' म्हणतो तिथे म्हणायचं, जिथे म्हणत नाही तिथे अजिबात नाही.

१९ नोव्हेंबर

'द ट्रेझर ऑफ अ‍ॅबट थॉमस', पहिल्या संग्रहातली शेवटची. रंगीत काचांच्या खिडकीतल्या अक्षरांचं कोडं. कोडं तोंडी सांगता येत नाही, कागदावरच दाखवावं लागतं. मी ते भराभर उरकलं आणि विहिरीपाशी आले. काळोखात खजिना शोधणारा पिशवी म्हणून जे ओढतो ते त्याच्या गळ्यात हात टाकतं. एक तास.

२२ नोव्हेंबर

दुसरा संग्रह सुरू. 'अ स्कूल स्टोरी' छोटी आहे आणि मला वाटतं मराठीत ती इंग्रजीपेक्षा जास्त चांगली उतरते. लॅटिनच्या तासाला मुलांना जर-तरची वाक्यं करायला दिलेली असतात आणि मास्तरांना उत्तरांमध्ये एक जास्तीचा कागद सापडतो, तो कोणत्याच मुलाचा नाही. आधी मी ते लॅटिन वाक्य तसंच वाचायचा प्रयत्न केला, दोनदा अडखळले, हवा गेली. मग फक्त मराठी म्हटलं.

"जर तू माझ्याकडे आला नाहीस, तर मी तुझ्याकडे येईन."

व्याकरणाच्या वहीतलं वाक्य, आपण सगळ्यांनी असली वाक्यं लिहिलीत. मावशीने ते हळूच स्वतःशी म्हणून बघितलं.

२५ नोव्हेंबर

'कास्टिंग द रून्स'. एक कागदाची पट्टी, तिच्यावर जुनी अक्षरं, ज्याच्याकडे ती गुपचूप दिली जाते त्याला तीन महिन्यांची मुदत. जीव वाचवायचा एकच मार्ग, देणाऱ्यालाच ती परत द्यायची, त्याच्या नकळत, आणि त्याने स्वतःच्या हाताने घ्यायला हवी. ही गोष्ट भीतीपेक्षा ताणाची आहे, शेवटी रेल्वेच्या डब्यात पट्टी परत जाते की नाही यावर मावशी अक्षरशः पुढे सरकून बसली होती.

पण मधे उशीखाली हात घालायचा प्रसंग आहे. दिवे गेलेत, काडेपेटी शोधायला हात उशीखाली जातो आणि बोटांना तोंड लागतं, दात आणि केस असलेलं. मी रोज मोबाईल उशीखाली ठेवून झोपते. त्या रात्री टेबलावर ठेवला, आणि अजून तिथेच ठेवतेय.

२९ नोव्हेंबर

तीन रात्री 'मार्टिन्स क्लोज'वर गेल्या आणि जमली नाही. अख्खी गोष्ट जवळजवळ सतराव्या शतकातल्या खटल्याच्या नोंदीसारखी लिहिली आहे, न्यायाधीश, साक्षीदार, उलटतपासणी, खेडवळ बोली. इंग्रजीत तिची सगळी मजा त्या नकलेत आहे, आणि मी मराठी करताना सगळे साक्षीदार एकाच आवाजात बोलायला लागतात. पहिल्या रात्री प्रत्येकाला वेगळा आवाज द्यायचा प्रयत्न केला, ते नाटकी झालं. दुसऱ्या रात्री जुनी दरबारी मराठी वापरून बघितली, ते मावशीलाही कळेना आणि मलाही पेलेना. तिसऱ्या रात्री दहा मिनिटांत नुसती हकीकत सांगितली आणि सोडून दिली. ज्यांना करायचीय त्यांनी दोघांनी मिळून करावी, एकाने प्रश्न आणि एकाने उत्तरं. एकट्याने होणारी गोष्ट नाही ही.

२ डिसेंबर

तिसरा संग्रह. 'द डायरी ऑफ मिस्टर पॉइंटर' बद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि मला ती पहिल्या पाचात वाटते. एक माणूस जुन्या नक्षीवरून पडदे करून घेतो, नक्षी केसांच्या लाटांची. रात्री खुर्चीत वाचत बसलेला असताना हात खाली सोडून शेजारी बसलेल्या कुत्र्याला कुरवाळतो. खूप वेळ कुरवाळतो. मग खाली बघतो.

हे सांगताना मी पानाकडे बघत नव्हते, पाठ झालं होतं. मावशीचा उजवा हात खुर्चीच्या बाहेर लोंबकळत होता. "कुरवाळतो" म्हटलं तेव्हा तसाच होता. "खूप वेळ" म्हटलं आणि तिने तो हळूच उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकला. तिला स्वतःला ते कळलं नसावं. मी पुढचं वाक्य म्हणायला जरा थांबले.

५ डिसेंबर

'टू डॉक्टर्स'. दुपारी दोनदा वाचली, रात्री सांगितली, दोघींना नीट कळली नाही. धागे दिसतात, उशी दिसते, मृत्यू दिसतो, पण गाठ कुठे मारलीय ते सापडत नाही. जेम्स खूप काही न सांगता सोडतो आणि बहुतेक वेळा तेच बरोबर असतं, इथे मात्र जरा जास्तच सोडलंय असं माझं मत. पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी ही सोडली तरी चालेल.

६ ते ९ डिसेंबर

वाचन बंद. घसा बसला. कारण माझंच, भीतीदायक प्रसंग कुजबुजून सांगायची सवय लावून घेतली होती, आणि रोज तास-दीड तास कुजबुजण्याने घशावर फार ताण येतो. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी साध्या आवाजात, फक्त हळू, सांगायला लागले तर परिणाम तोच, उलट बरा. मधे पाणी प्यायचं ते प्रसंगाच्या आधी, प्रसंगात ग्लास उचलला की ऐकणारा सुटतो.

११ डिसेंबर

चौथा संग्रह. 'द हाँटेड डॉल्स हाउस' ही त्याने इंग्लंडच्या राणी मेरीच्या प्रसिद्ध बाहुलीघरातल्या चिमुकल्या ग्रंथालयासाठी लिहिली होती, हे मावशीला आधी सांगितलं, तिला फार आवडलं. गोष्ट मेझोटिंटचीच भावंड आहे आणि त्यामुळे थोडी फिकी वाटते. दोन्ही लागोपाठ वाचू नका. 'अ व्ह्यू फ्रॉम अ हिल' मधली दुर्बीण मस्त, ज्यातून पाहिलं की आता नसलेल्या इमारती दिसतात आणि फासाचा खांबही दिसतो. दुर्बीण कशी बनवली ते कळतं तेव्हा मावशीने "शी" म्हटलं, मोठ्याने.

१४ डिसेंबर

'अ वॉर्निंग टू द क्युरियस'. या गोष्टीनंतर आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर परकीयांपासून रक्षण म्हणून तीन मुकुट पुरलेत अशी जुनी समजूत, त्यातला एकच उरलाय, आणि एक घराणं पिढ्यानपिढ्या त्याची राखण करत आलेलं. घराण्यातला शेवटचा माणूस क्षयाने गेला. पॅक्सटन नावाचा तरुण मुकुट उकरून काढतो आणि तेव्हापासून त्याच्याबरोबर कोणीतरी असतं. तो घाबरतो, दोन अनोळखी माणसांची मदत घेतो, रात्री जाऊन मुकुट होता तिथे परत पुरतो. मनापासून पस्तावतो. आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याला किनाऱ्यावर बोलावून नेलं जातं आणि मारलं जातं, तोंडात वाळू आणि दगड भरलेले सापडतात.

मावशी चिडली. खरंच चिडली. "परत ठेवलं होतं ना त्याने? मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, जेम्सच्या गोष्टींत माफी नसते, बघितलंस ना, शिट्टी वाजवणारा तरी बिचारा काय वाईट होता. तिला ते पटलं नाही. दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने अंधारातून तिचा आवाज आला, "राखणदार आहे ना गं तो. त्याला कुठून कळणार हे ठेवायला आलेत की न्यायला आलेत. त्याला एवढंच दिसतंय की रात्रीची माणसं आलीत आणि उकरतायत."

हे मी कुठल्याही प्रस्तावनेत वाचलेलं नाही. गोष्ट मी दुपारी दोनदा वाचली होती आणि मला हे सुचलं नव्हतं. 'राखणदार' शब्द मी सांगताना वापरलाच नव्हता, मी 'पहारेकरी' म्हणत होते. पहारेकरी पगारी असतो, त्याची पाळी संपते. राखणदाराची संपत नाही. समासात पहारेकरी खोडून राखणदार लिहिलं.

१८ डिसेंबर

शेवटच्या चार सुट्या गोष्टी दोन रात्रींत. 'वेलिंग वेल' ही त्याने १९२७ साली ईटनच्या स्काउट मुलांना त्यांच्या कॅम्पमध्ये वाचून दाखवली होती, आणि गोष्टही स्काउट मुलांचीच, ज्या शेतात जाऊ नका सांगितलंय तिथे जाणाऱ्या मुलाची. तंबूत झोपायचं असताना ही गोष्ट ऐकणाऱ्या मुलांचं काय झालं असेल याचा मावशीला फार विचार पडला होता. 'रॅट्स' छोटी आणि नेमकी. 'आफ्टर डार्क' जमली नाही. 'देअर वॉज अ मॅन' पाच मिनिटांची, शेवटी एक वाक्य मोठ्याने ओरडायचं असतं, मी ओरडले आणि मावशीने मला उशी फेकून मारली.

एकंदर वेळ वहीत मांडला. दुपारचे साधारण ३५ तास, रात्रीचे साधारण ३८. एक महिना धरला होता, सात आठवडे लागले. २८ गोष्टी मोठ्याने, त्यातली एक फसलेली आणि एक न कळलेली.

२० डिसेंबर

२८ कारण पहिल्या दोन मावशीला सांगायच्या राहिल्याच होत्या, त्या मी एकटीने मोबाईलवर घालवल्या होत्या. आज 'कॅनन अल्बेरिक' परत घेतली, यावेळी सगळी तयारी करून.

फ्रान्सच्या दक्षिणेकडचं एक जुनं गाव, तिथलं मोठं चर्च, डेनिस्टन नावाचा इंग्रज अभ्यासक एका घाबरलेल्या म्हाताऱ्याकडून जुन्या पानांची वही विकत घेतो. म्हाताऱ्याची मुलगी त्याला चांदीचा क्रूस गळ्यात घालायला देते. रात्री खोलीत तो वही बघत बसतो, गळ्यात जड वाटतो म्हणून क्रूस काढून ठेवतो. क्रूस काढला तिथे रेघ मारली होती, ते वाक्य मी वेगळं काढून सांगितलं आणि मग परत वहीतल्या चित्रांवर गेले, जणू काही झालंच नाही. मावशीच्या लक्षात आलं होतं, ती काही म्हणाली नाही.

मग डाव्या कोपराजवळचं काळं काहीतरी. तो न बघता विचार करतो, हे काय असेल. नोव्हेंबरात मी नेमकी हीच जागा हुकले होते. यावेळी दुपारी प्रत्येक प्रश्नाला वेगळी ओळ दिली होती आणि तशीच म्हटली, एकेका ओळीनंतर थांबून.

"टाक पुसायचं फडकं? इथे कुठलं.

उंदीर? इतका काळा नसतो.

मोठा कोळी? नको, देवा, कोळी नको.

हात आहे."

मावशीने स्वतःच्या कोपराकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवून ती समोर माझ्याकडे बघत होती.

५५ मिनिटं. 'लॉस्ट हार्ट्स' उद्या.